बू रातूचा फोन

"पाकदे, हलू नका. नाक चकाकतंय."

सेकारनं माझ्या नाकावर पावडर थापली. साठी उलटलेल्या माणसाच्या नाकाला पावडर! आमच्या शिरोळात कुणी पाहिलं असतं तर पुढल्या सात पिढ्यांना नाव पडलं असतं. पण शिरोळ समुद्रापलीकडं राहिलं होतं. मी जावा बेटावर, बू लास्त्रींच्या खाणावळीच्या मागच्या अंगणात स्टुलावर बसलो होतो आणि समोर काठीला लावलेला फोन माझ्याकडं टक लावून बघत होता.

"आता मगरीची गोष्ट. मागच्या वेळी ती बारा फुटी होती, लक्षात आहे ना? कमी करू नका."

"कमी कशाला करू, पोरी? मगर वाढत्या वयाची आहे."

सेकार हसली आणि बोट वर केलं, म्हणजे सुरू.

ही सेकार बू लास्त्रींची लेक, तेवीस वर्षांची. मोबाइलच्या दुकानात कव्हरं विकायची. तिकडं मोठ्या बाईला 'बू' म्हणतात, थोरल्या काकाला 'पाकदे' आणि कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक'. जन्मभर उसाचा पाक आटवलेल्या माणसाला याहून शोभणारी हाक कुठली? मी साखर कारखान्यातला पॅनमन. कढईतल्या पाकाचा थेंब काचेवर घेऊन, त्यात साखरेचा रवा कधी धरला हे सांगणारा. इकडच्या कारखान्यानं निवृत्त केलं, तिकडच्यानं करारावर नेलं. बू लास्त्रींकडं मागची खोली भाड्यानं घेतली. माझी खोली आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी, एवढाच काय तो आडोसा.

त्या वर्षांत जावा बेटावर जो उठला तो काठीला फोन लावून उभा होता. एक बाई कॅमेऱ्यासमोर बसून मिरच्या खायची, रडायची आणि परत खायची. आमच्या गल्लीतला टायरवाला पंक्चर काढता काढता भुताच्या गोष्टी सांगायचा आणि त्याला बघायला इतके लोक जमायचे, की सगळे एकदम गल्लीत आले असते तर बेट एका अंगाला कललं असतं. सेकारनंही सगळं करून पाहिलं होतं. लिपस्टिक लावून दाखवली, मांजरं नाचवली, नूडल्सचं घमेलं संपवलं. कुणी बघेना. मग एका दुपारी मी जेवताना बायकोनं मगर पकडल्याची थाप मारली आणि या पोरीनं ती गुपचूप टिपली. सकाळी उठून पाहतो तर दोन लाख लोकांनी मला घास गिळताना पाहिलं होतं.

तिनं चॅनेलचं नाव ठेवलं 'पाकदे बोहोंग'. म्हणजे थापाडे काका. मी तक्रार केली नाही. नाव खरंच होतं.

तर मी सांगत होतो, की माझी बायको कृष्णेच्या घाटावर धुणं धूत होती. मगरीनं तिच्या लुगड्याचा पदर धरला. हिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिला वाटलं, मीच आहे. 'चारचौघांत काय हा चावटपणा' म्हणत तिनं धोपाटणं मागच्या मागं हाणलं. मगरीचे तेवीस दात पाण्यात. पुढं ती मगर आमच्या दारात बांधलेली असायची आणि पोस्टमन पत्रं लांबून फेकायचा.

कॅमेऱ्यासमोर मी बायकोला 'बू रातू' म्हणायचो. रातू म्हणजे राणी. खरं नाव सांगितलं नव्हतं. आमच्या पिढीत बायकोचं नाव घ्यायची रीत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं ते तेवढंच, आणि तेही ताशाच्या आवाजात कुणी ऐकलं नाही. पुढं चौतीस वर्षं 'अगं' आणि 'ऐकलं का' यावर संसार झाला.

गोष्ट संपली. सेकारनं फोन हातात घेतला आणि पडद्यावरून धावणाऱ्या ओळी वाचू लागली. त्या लोकांची हसू लिहायची पद्धत न्यारी आहे. आपण 'हाहाहा' लिहितो, ते 'वकवकवक' लिहितात. पडद्यावर नुसती बदकं सोडल्यासारखी वाटतात.

"बघा पाकदे, सगळे एकच म्हणतायत. बू रातू दाखवा. बू रातू कुठंय." तिनं फोन खाली ठेवला. "म्हणून मी जाहीर करून टाकलंय. येत्या रविवारी, चार वाजता, लाइव्ह. तुम्ही बू रातूंना फोन लावायचा."

मी स्टुलावरून ताडकन उठलो.

"विचारायचं तरी होतंस!"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. सुराबायाची मोठी मंडळी बघणार आहेत, पाकदे. त्यांचे वीस-वीस चॅनेल आहेत. रविवार चांगला झाला तर मला त्यांच्यात घेणार आहेत. नाहीतर आहेच की, जन्मभर कव्हरं विकत बसते."

"अगं, पण ती लाजते."

"मगरीचे दात पाडणारी बाई लाजते?"

स्वतःच्या हातानं विणलेल्या जाळ्यात कोळी अडकलेला मी पाहिला नव्हता, तो त्या दिवशी आरशात पाहिला.

तुम्हाला सांगून टाकतो. बू रातू जाऊन तेव्हा पावणेतीन वर्षं होत आली होती. आणि मगर कसली घेऊन बसलात, ती कोंबडीला भ्यायची. शेजाऱ्याची कोंबडी अंगणात शिरली, की पाय वर घेऊन कट्ट्यावर बसायची आणि दबक्या आवाजात हाका मारायची, "अवो, हाकला की तिला!" मी मुद्दाम उशीर करायचो.

ती गेल्याचं जावात मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आधी एका दिवसापुरतं टाळलं. मग आठवड्यापुरतं. मग मगरीची गोष्ट सांगून बसलो, आणि दारात मगर बांधलेली बाई मेली कशी म्हणायची?

रविवारपर्यंत चार दिवस होते. सेकार रोज घरी येताना नवीन काहीतरी घेऊन यायची. एकदा दिव्यांची कडी, एकदा मागं लावायला निळा पडदा. बुधवारी तिनं कव्हरांच्या दुकानातून रविवारची रजा मागितली, मालकानं नाही म्हटलं, तर ती नोकरीच सोडून आली. बू लास्त्री कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "नोकरी सोडलीस? कुणाच्या जिवावर?"

"पाकदेंच्या!" पोरगी म्हणाली आणि माझ्या पाठीवर थाप मारून आत गेली.

मग मात्र मला युक्ती काढणं भाग पडलं. थापाड्याला युक्ती सुचायला वेळ लागत नाही. बायकोचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून होता. तो लावला, की एक बाई मराठीत बोलते. तुम्हीही ऐकली असेल. 'आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया क्रमांक तपासून पाहा.' आवाज कसा? खणखणीत. मगर मारणाऱ्या बाईला शोभेल असा. आणि अख्ख्या बेटावर मराठी कळणारा मी एकटा. ती बाई बोलेल ते बोलेल, मी सांगेन तो त्याचा अर्थ. तीन-चार वाक्यं, मग 'रेंज गेली' म्हणायचं आणि उठायचं. नामी युक्ती. मी स्वतःवरच खूश झालो.

रविवारी चारला निळ्या पडद्यापुढं आम्ही बसलो. सेकारनं नवा ब्लाउज घातला होता. बाजूला, कॅमेऱ्यात न येतील अशा बेतानं, बू लास्त्री पाट्यावर ओली हळद वाटत होत्या. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांचं मटण त्यांना चुकवायचं नव्हतं.

"चाळीस हजार," सेकार कुजबुजली. "चाळीस हजार लोक आत्ता बघतायत, पाकदे. लावा."

मी लावला. फोन स्पीकरवर टाकला. समुद्राखालून कुठून कुठून खरखर आली आणि मग ती बोलली.

"आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया क्रमांक तपासून पाहा."

पडद्यावर बदकांचा थवा उठला. सेकारनं दोन्ही हात तोंडावर धरले. "किती गोड आवाज! बातम्या देणाऱ्या बाईसारखा! काय म्हणाल्या?"

"विचारतेय, जेवलात का?"

"आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया…"

"आता काय म्हणाल्या?"

"उत्तर द्या म्हणते. जेवलात का?"

वकवकवक, वकवकवक. सेकार माझ्या गुडघ्यावर बुक्क्या मारत होती. "कुणीतरी लिहिलंय, सगळ्या बायका सारख्याच! कुणी म्हणतंय, आवाजावरून पटलं, मगर खरी आहे!" तिचं बोट पडद्यावर भराभर चाललं होतं. "थांबा, हा छान आहे. मेदानहून एक बाई विचारतायत. बू रातू, पाकदे इतक्या लांब असतात, तुम्हाला एकटं वाटत नाही का?"

सोपा प्रश्न होता. माझ्याकडं सात उत्तरं तयार होती. 'एकटं कसं, मगर आहे ना' हे त्यातलं सगळ्यात साधं. मी तोंड उघडलं.

"आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही," ती म्हणाली.

"सांगा ना, पाकदे."

"ती म्हणते…" मी थांबलो. कढईत कधी कधी पाक असा अचानक धरतो. कितीही ढवळा, हलत नाही. "ती म्हणते, मी नाही."

"कुठं नाही?"

"कुठंच नाही. ती वारली, सेकार. तीन वर्षं होतील आता. हा तिचा आवाज नाही. नंबर बंद झाला की सगळ्यांना ऐकू येतो तो आवाज आहे हा."

मग बदकं आली. इतकी बदकं मी कधी पाहिली नव्हती. खालून वर, खालून वर, पडदा पुरेना. सेकार हसून हसून स्टुलावरून घसरली. डोळे पुसत वाचत होती, "पाकदे, कमाल केलीत! पुढच्या खेपेला मगरीशी लग्न लावा म्हणतायत!"

"खरंच वारली," मी म्हणालो.

वकवकवक.

"अगं, खरंच! देवाशपथ!"

वकवकवकवकवक.

तेवढ्यात पडद्यावर पिवळा अंधार झाला. बू लास्त्रींनी उठून हळदीचा हात कॅमेऱ्यावर ठेवला होता.

"आई! काय करतेस! सुराबायाचे लोक बघतायत!"

"बघू देत. माझा हात बघू देत." त्यांनी दुसऱ्या हातानं काठीवरून फोन काढला आणि लेकीपुढं धरला. "बंद कर."

सेकारनं आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, ओठांवर थोडा वेळ तसंच राहिलं. तिनं बोट दाबलं. चाळीस हजार लोक गेले आणि अंगणात आम्ही तिघं उरलो.

बू लास्त्री माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "पाक रंगा, ही फळी किती जाडीची आहे?"

"कुठली?"

"तुमच्या-माझ्यामधली. बोटभर. दर शुक्रवारी दुपारी तुम्ही अंघोळ करून येता आणि हीच बाई बोलते. हेच बोलते. मला आता पाठ झालंय." आणि त्यांनी खरंच म्हणून दाखवलं, वेड्यावाकड्या उच्चारात, पण सबंध. "आपन डायल केलेला क्रमांक. ती बोलते आणि तुम्ही एक शब्द बोलत नाही. मी म्हटलं, बायकोशी कुणी इतकं गप्प बसतं का? मग म्हटलं, भांडण असेल. आज कळलं."

मी पावडर लावलेलं नाक धोतराच्या… नाही, धोतर मी नेसत नव्हतो. शर्टाच्या बाहीला पुसलं.

"गेला होतात का?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

"तिच्या मातीला."

"गाळप चालू होतं."

"तुम्ही गेला असतात तर कारखाना बंद पडला असता?"

एरवी मी म्हणालो असतो, की माझ्यावाचून साखर काळी पडते. "नाही," मी म्हणालो. "दुसरा पॅनमन होता. साहेब स्वतः म्हणाला, जा. मला वाटलं, गेलो तर ती गेलेली दिसेल. इथं राहिलो तर नुसती लांब आहे. पुतण्यानं सगळं केलं. मी त्या दिवशी पॅनवर उभा राहिलो आणि दुपारी तुमच्याकडं जेवायला आलो. तुम्ही विचारलंत, घरी सगळं बरंय ना? मी म्हटलं, बरंय. तिनं लोणचं घातलंय."

"आठवतं," बू लास्त्री म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, आलात की बरणी आणा." त्या हातावरची हळद खरवडू लागल्या. "वार कुठला होता?"

"गुरुवार. गाळपाचा बारावा दिवस."

त्या आत गेल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आल्या, आदल्या वर्षांची पानंसुद्धा मागं टाचलेली. आपल्याकडं जसा तेरावा, तशी तिकडं मेलेल्या माणसासाठी जेवणं असतात. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या. शेवटचं हजाराव्या दिवशी. त्यानंतर माणूस मोकळा होतो म्हणतात. बू लास्त्री ओठ हलवत मोजत होत्या. सेकार माझ्या शेजारी येऊन बसली होती.

"सगळे चुकवलेत," शेवटी त्या म्हणाल्या. "पण हजारावा राहिलाय. येत्या मंगळवारी नाही, पुढच्या. नऊ दिवस आहेत. तोही चुकवायचा असेल तर खोली सोडा. असल्या माणसाला मी भाड्यानं ठेवत नाही."

सोमवारी सकाळी सुराबायाहून फोन आला. मंडळी बेहद्द खूश होती. बायको मेल्याचा विनोद रात्रीतून कुठल्या कुठं पोचला होता, लोक त्यावर आपापली तोंडं लावून परत फिरवत होते. त्यांनी सेकारला पुढचा भागही सुचवला. बू रातू जिवंत होऊन मगरीवर बसून जावाला येते. सेकारनं सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. "विचारते." फोन ठेवला, व्हिडिओ काढून टाकला आणि बुधवारी कव्हरांच्या दुकानात जाऊन मालकाची माफी मागून आली. मला तिनं यातलं काही सांगितलं नाही. फळी बोटभर जाडीची होती, ती माझ्या बाजूनंही.

मंगळवारी दिवेलागणीला खाणावळीतली बाकडी बाहेर काढून चटया घातल्या. गल्लीतले पंधरा-सोळा पुरुष आले. टायरवालाही आला. सेकार दारात टोपली घेऊन उभी होती आणि प्रत्येकाचा फोन त्यात ठेवून घेत होती. मध्ये पिवळ्या भाताची उभी शीग, कडेनं कोंबडी, आणि आंबोळीसारखी दिसणारी 'आपेम', जी मेलेल्यांसाठी करतात. त्यावरचा पाक मी केला होता. दोन तारी. तिला तसाच लागायचा.

प्रार्थना सांगायला एम्बा कार्तो आले होते. एम्बा म्हणजे आजोबा. कारखान्यात चाळीस वर्षं मोळ्या वाहून त्यांची पाठ धनुष्यासारखी झाली होती. मी हळूच म्हटलं, "एम्बा, ती आमच्या धर्माची. चालेल ना?"

"भात कळायला धर्म लागत नाही," ते म्हणाले. "बसा."

सगळे मांडी घालून बसले. एम्बा कार्तोंनी डोळे मिटले, हात उघडे धरले, जावातल्या जुन्या भाषेत काही म्हणाले, आणि थांबले. डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं.

"नाव?"

"बू रातू," कुणीतरी मागून म्हणालं.

"ते टीव्हीतलं. नाव काय?"

कुणी हसलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. चौतीस अधिक तीन वर्षं जे जिभेवर आलं नव्हतं, ते मी पोटातून वर काढत होतो. उखाणासुद्धा आठवेना.

"शालन," मी म्हणालो. आवाज फुटला नाही, म्हणून परत म्हणालो. "शालन रंगराव इंगवले."

"सालान," एम्बा कार्तो म्हणाले, आणि सोळा माणसांनी मान हलवली. मग प्रार्थनेत ते नाव आलं, थोड्या वेळानं परत आलं, आणि दर वेळी सगळ्यांनी 'आमीन' म्हटलं. 

जेवण झालं. तिकडं प्रत्येकाला घरी न्यायला भाताचा डबा देतात. सगळ्यांना देऊन झाल्यावर बू लास्त्रींनी एक माझ्या हातात दिला. "हा तिचा."

मी तो घेऊन मागच्या अंगणात गेलो. केळीच्या पानावर भात, आपेम आणि पाक वाढून भिंतीच्या कडेला ठेवला, हात जोडले आणि आपल्या रीतीप्रमाणं बाजूला होऊन कावळ्याची वाट बघत उभा राहिलो. अंधारून आलेलं. कावळे कधीच झाडावर गेले असणार.

इथं मी तुम्हाला सांगू शकलो असतो, की कावळा आला. तुम्ही ऐकून घेतलं असतं. माझ्या अंगात तेवढी कला आहे.

कावळा आला नाही. बू लास्त्रींची एक कोंबडी खुराड्याबाहेर राहिली होती, ती आली. मान वाकडी करून तिनं पानाकडं पाहिलं आणि आपेमवर चोच मारली. मी तिला हाकलायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"भिऊ नकोस, शालन," मी म्हणालो. "मी आहे इथं."